घरच्या माणसाचं वर्तमानपत्र काढा, पण बातमी खरी छापा

येत्या वर्षभरात तुमच्या घरात कुणाची साठी असेल, कुणाची पंचाहत्तरी, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन. कुणी नोकरीतून निवृत्त होत असेल, कुणाचं लग्न ठरलं असेल. दर वेळी तोच प्रश्न येतो: द्यायचं काय? शाल-श्रीफळ होतं, चांदीचं निरांजन होतं, फोटोची फ्रेम होते आणि कार्यक्रम संपला की सगळं कपाटात जातं. माझी एक विनंती आहे. त्या माणसाचं वर्तमानपत्र काढा. चार पानांचं, एकाच अंकाचं, त्याच्याच बातम्यांनी भरलेलं. आल्या-गेल्याच्या हातात ते ठेवा आणि दोन-चार प्रती घरात जपून ठेवा.

आता असे अंक छापून मिळतात. दुकानात किंवा मोबाइलवर तयार नमुना असतो. वर मोठ्या अक्षरांत ‘ब्रेकिंग न्यूज’, खाली वाढदिवस असलेल्याचा फोटो, बाजूला शुभेच्छा. आपण नाव आणि तारीख घातली की काम झालं. लोक पाहतात, कौतुक करतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जेवायला वळतात. तो अंक दुसऱ्यांदा कुणी वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. नाव बदललं तर तोच अंक शेजारच्या काकांनाही चालेल. तेवढाच अंक काढायचा असेल तर खर्च वाचवा.

वर्तमानपत्राची खरी ताकद त्याच्या शिस्तीत आहे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, आणि तो दिवस आपण आजही पत्रकार दिन म्हणून पाळतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी घरांना बातमीची एक रीत माहीत आहे: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. गौरवाच्या भाषणात ही उत्तरं दिली नाहीत तरी निभावून जातं. बातमीत निभावत नाही. म्हणूनच वडिलांवर ‘लेख’ लिहायला बसलेला मुलगा विशेषणांत अडकतो आणि त्यांच्यावर बातमी लिहायला बसला की त्यांच्याजवळ जाऊन प्रश्न विचारू लागतो. माझ्या लेखी हा अंक काढण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. छापलेला कागद पुढची गोष्ट. आधी घरातली दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात.

विशेषणं काढा, तपशील घाला

एक उदाहरण घेऊ. वडील एसटीत चालक होते, आता निवृत्त होत आहेत. अशा अंकांत बहुतेक वेळा जे छापून येतं ते असं: ‘बाबा अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ स्वभावाचे असून त्यांनी खडतर परिस्थितीवर मात करून कुटुंबाला पुढे आणले.’ यातलं काहीही खोटं नाही. पण ते महाराष्ट्रातल्या लाखो वडिलांना लागू पडतं.

आता त्याच वडिलांना शेजारी बसवून विचारा, ‘बाबा, मुक्कामाची गाडी असायची तेव्हा रात्री झोपायचात कुठे?’ मग हळूहळू बाहेर येईल. गाडी रात्री साडेनऊला गावात पोचायची. थंडीत चालक आणि वाहक गाडीतच बाकांवर अंथरूण टाकायचे, पावसाळ्यात देवळाच्या ओसरीवर जायचे. गावातलं एखादं घर ठरलेलं असायचं, तिथून भाकरी-कालवण यायचं. पहाटे साडेपाचला हीच गाडी तालुक्याला निघायची, दूधवाले आणि कॉलेजची मुलं तिच्यावरच अवलंबून. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत फाट्यावर एखादं पोर धावत येताना दिसलं की गाडी दोन मिनिटं थांबायची. हे सगळं चार वाक्यांत लिहा आणि वर मथळा द्या: ‘मुक्कामाची गाडी आता घरी, पहाटे चारची जाग मात्र कायम’. यात कष्टाळू हा शब्द कुठेही आलेला नाही आणि वाचणाऱ्याला सगळं समजलं आहे.

विशेषण आलं की थांबायचं आणि ‘कशावरून?’ असं विचारायचं. ‘आजी सुगरण’ लिहिलंत, तर ती काय करायची, कुणासाठी करायची, गॅस येण्याआधी कशावर करायची, तिच्या हातचं मागून कोण न्यायचं ते लिहा. ‘काका दानशूर’ लिहिलंत, तर त्यांनी कुणाच्या शाळेची फी भरली ते त्यांना विचारा. ते छापायला नको म्हणाले तर छापू नका आणि ते विशेषणही गाळा.

प्रश्न कसे विचारायचे

‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं म्हणतात, ‘त्यात काय सांगायचं?’ प्रश्न लहान आणि नेमका हवा. पहिला पगार किती होता आणि कशावर खर्च केला? लग्नाला माणसं किती होती, वऱ्हाड कुठे उतरलं होतं, स्वयंपाक कुणी केला? घरात वीज कोणत्या साली आली? पहिल्यांदा टीव्ही कुणाच्या घरी पाहिला? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण गावागावांत संच पोचायला कितीतरी वर्षं गेली. तुमच्या गावातला पहिला टीव्ही कुणाच्या ओटीवर होता, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते फक्त तुमच्या घरच्या माणसाला ठाऊक आहे.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनांचा आधार घ्या. ‘पानशेत फुटलं तेव्हा मी तिसरीत होते’ असं पुण्याची एखादी आत्या म्हणाली की १२ जुलै १९६१ ही तारीख पक्की झाली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. १९७२ चा दुष्काळ, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप, २५ जून १९८३ चा विश्वचषक, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप: या खुणांना अडकवून घरातली माणसं आपापली वर्षं सांगतात. त्याच घटनांवर एक छान सदर होतं. ‘त्या दिवशी आपल्या घरात’ असं नाव द्या. दुष्काळात विहीर आटली तेव्हा पाणी कुठून आणत होता? सुकडी खाल्लीत का? संपात घरभाडं कसं दिलं? देशाचा इतिहास सगळ्यांना छापून मिळतो. त्या दिवशी तुमच्या चुलीवर काय होतं, ते तुम्हीच छापायला हवं.

जन्मतारखेचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. ती तशीच छापू नका आणि झाकूही नका. कागदावरची तारीख आणि आईने सांगितलेली खूण, म्हणजे ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’, ‘पेरणी चालू होती तेव्हा’, दोन्ही शेजारी शेजारी द्या. ती स्वतंत्र बातमी आहे.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. एका बैठकीत पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ती व्यक्ती आपणहून म्हणते, ‘काल एक सांगायचं राहिलं.’ खरी बातमी बरेचदा तिथेच मिळते.

बायकांची नावं छापा

हे मी आग्रहाने सांगतो. कितीतरी घरांतल्या आजीचं माहेरचं नाव नातवंडांना माहीत नसतं. लग्नात नाव बदललं आणि जुनं नाव तिच्या आईवडिलांबरोबर गेलं. पत्रिकेवर ती ‘सौ. व श्री.’ मधली सौ. झाली, दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं नाव आलं, सातबाऱ्यावर ती नव्हतीच. तुमच्या अंकात तिचं पाळण्यातलं नाव, माहेरचं गाव, आईचं नाव आणि शाळा कितवीत व का सुटली, हे छापून आलं पाहिजे. तिने केलेलं काम ‘घर सांभाळलं’ या दोन शब्दांत संपवू नका. शेतावर किती वाजता जायची, मेसचे डबे किती होते, शिवणाची मशीन कोणत्या साली घेतली, भिशीच्या पैशातून काय केलं ते लिहा. अंक आजोबांच्या पंचाहत्तरीचा असला तरीही.

लग्नाच्या अंकातही हेच. दोन्ही घरांना सारखी जागा द्या. मुलीकडच्यांचे दोन फोटो आणि मुलाकडच्यांचे नऊ, असं झालं की ते लगेच डोळ्यांत भरतं आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

पानं कशी लावायची

एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. पहिल्या अंकाला तेवढी पुरेत. वाढवायची झाली तर आठ. पानं चारच्या पटीतच वाढतात.

पहिल्या पानावर एकच मोठी बातमी, एक मोठा फोटो आणि दोन छोट्या बातम्या. दुसऱ्या पानावर मुलाखत. तिसऱ्यावर ‘त्या दिवशी आपल्या घरात’ आणि नातवंडांनी लिहिलेलं काहीतरी. त्यांची भाषा दुरुस्त करताना हात आखडता ठेवा. चौथ्यावर जुने फोटो, एखादी घरची पाककृती मापांसकट, शब्दकोडं आणि छोट्या जाहिराती. ‘हरवले आहे: चष्मा, रोज सकाळी, शोधून देणाऱ्यास चहा’ अशी एखादी जाहिरात सगळ्यांना हसवते. ती मात्र घरात खरंच घडणाऱ्या गोष्टीवर बेतलेली हवी.

चार पानांत हजार ते बाराशे शब्द आणि सात-आठ फोटो बसतात. वयस्क वाचकांसाठी अक्षर बारा पॉइंटच्या खाली नेऊ नका. प्रत्येक फोटोखाली ओळ हवीच: डावीकडून कोण कोण, कुठे, अंदाजे कोणत्या साली. ज्या फोटोतली माणसं ओळखणारी एकच मावशी उरली आहे, तो फोटो घेऊन आधी तिच्याकडे जा.

फोटोंचा दर्जा हीच नेहमीची अडचण असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. पडद्यावर बरा दिसतो, छापल्यावर धूसर होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुना फोटो मोबाइलने टिपण्यापेक्षा स्कॅन करून घ्या. लहान फोटो ६०० डीपीआयला केला तर तो मोठा करून छापता येतो. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमचं पानच स्कॅनरवर ठेवा.

छापखान्यात काय सांगायचं

पंचवीस ते दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बरी. बहुतेक दुकानांत १२ बाय १८ इंचांचा कागद सहज मिळतो. तो दुमडला की ९ बाय १२ ची चार पानं होतात. ऑफसेटला प्लेट करावी लागते, त्यामुळे ते शेकड्यांनी प्रती काढायच्या असतील तरच परवडतं. दोन-तीन ठिकाणी दर विचारा, आणि तो प्रतीमागे किती व मांडणीचे वेगळे किती, हे आधीच लिहून घ्या.

खऱ्या वर्तमानपत्राचा कागद हवा, असा पुष्कळांचा हट्ट असतो. तो कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो, त्यात लिग्निन राहतं आणि उन्हा-हवेने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. जपून ठेवायच्या अंकाला तो योग्य नाही. किंचित पिवळसर छटेचा मॅपलिथो, ८० ते १०० जीएसएमचा घ्या. दिसायला वर्तमानपत्रासारखा आणि टिकायला बरा. चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याचा उजेड पडला की आजोबांना वाचता येत नाही. जपायची प्रत लॅमिनेट करू नका; एकदा केलेलं लॅमिनेशन निघत नाही. ती न दुमडता, सपाट, उन्हापासून दूर ठेवा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या. डीटीपीवाल्याने तो जुन्या फाँटमध्ये बदलला की जोडाक्षरं मोडतात. ‘वाऱ्यावर’, ‘कैऱ्या’, ‘ॲड.’, ‘ऑफिस’ असे शब्द प्रूफमध्ये मुद्दाम तपासा. प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर नको. तिघांनी वाचावं: एकाने फक्त नावं, दुसऱ्याने फक्त तारखा आणि आकडे, तिसऱ्याने बाकी सगळं. आपलं नाव चुकीचं छापलेलं माणूस विसरत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांना पीडीएफ पाठवा. अमेरिकेत कागदाची मापं वेगळी, तिथे ११ बाय १७ इंचांवर छापतील. म्हणून चारही बाजूंनी बोटभर कोरी जागा सोडा, मजकूर कापला जाणार नाही.

काय करू नका

पहिलं: खऱ्या वर्तमानपत्राचं नाव आणि नावाची पट्टी उचलू नका. ती त्यांच्या मालकीची असते. शिवाय गमतीत केलेल्या त्या पानाचा फोटो चार गटांत फिरला की पाचव्या गटात तो खरा ठरतो. ‘अमुक यांना पद्म पुरस्कार’, ‘तमुक यांचा निवडणुकीत विजय’ असे खोटे मथळे आपल्या घरात थट्टा असतात. बाहेर त्यांनी माणूस अडचणीत येऊ शकतो. नाव स्वतःचं काढा, घराचं, वाड्याचं, गावाचं. तळाला एक ओळ टाका: ‘घरगुती वाटपासाठी. विक्रीसाठी नाही.’

दुसरं: आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न, जमिनीची वाटणी, यांतलं काहीही संबंधित माणसाला विचारल्याशिवाय छापू नका. वाटपाच्या दिवशी धक्का देण्यात मौज असली, तरी मजकूर खटकेल अशी शंका वाटली तर आधी दाखवा. पूर्ण पत्ता, फोन नंबर, लहान मुलांच्या शाळेचं नाव गाळा. हा अंक कुणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

तिसरं: दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवू नका. जन्माच्या दिवशीचं खरं वर्तमानपत्र पाहायचं असेल तर ग्रंथालयात जा. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ चं. कोणते जुने अंक आणि कोणत्या सालापासूनचे पाहायला मिळतील, ते आधी फोन करून विचारा. त्या दिवशीच्या घडामोडी टिपून घ्या आणि स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा. शक्य असेल तर ज्याचा अंक आहे त्यालाच सोबत न्या. आपण जन्मलो त्या आठवड्यात ज्वारीचा भाव काय होता, हे वाचताना पंचाहत्तरीच्या माणसाला किती बोलायचं असतं ते पाहा.

लवकर सुरुवात करा

कार्यक्रमाच्या आधी सहा आठवडे हाताशी ठेवा. पहिले तीन बोलण्यात आणि फोटो गोळा करण्यात जाऊ द्या, चौथ्यात लिहा, पाचव्यात मांडणी आणि प्रूफ, सहाव्यात छपाई. घाई झाली तर पानं कमी करा, बोलणं कमी करू नका. पैसे नसतील तर संगणकावर टाइप करून झेरॉक्स काढा, नाहीतर शाळेत आपण हस्तलिखित काढायचो तसा एक अंक हाताने लिहा. बातमी खरी असेल तर तो अंकही घरात तितकाच जपला जाईल.

आणि प्रसंगाची वाट पाहत बसू नका. अंक काढू काढू म्हणताना सांगणारं माणूस निघून जातं, मग घरात फोटो उरतात आणि त्यांतल्या चेहऱ्यांची नावं कुणालाच सांगता येत नाहीत. श्रद्धांजलीचा अंक तुम्ही काढाल, तो सुंदरही होईल, पण ज्याची बातमी आहे त्याला तो वाचता येणार नाही. तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला या रविवारी जेवण झाल्यावर एकच प्रश्न विचारा आणि मिळालेलं उत्तर तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. तुमच्या अंकाची पहिली बातमी तीच.